परण्याची गाडी

जुन्या वायरिंगचा गठ्ठा शेडच्या दारातच पडला होता. कापडी वेष्टणाची, जागोजागी उंदरांनी कुरतडलेली, डांबरासारखी काळी पडलेली वायर. तिच्याशेजारी गाडीचा जुना डायनामो होता. तो मात्र आबांनी पोत्यावर ठेवला होता, मातीत नाही. लग्नघरातला जो तो त्या गठ्ठ्याला अडखळत होता आणि धनश्रीच्या नावानं ओरडत होता. धनश्रीला त्याचं काही नव्हतं. भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची दुपार होती आणि ती अँबेसेडरच्या बोनेटखाली वाकून शेवटचा नट आवळत होती.

"आबा, बसा. फिरवा चावी."

धनश्रीचे आजोबा, भिमाजी आबा, धोतराचा सोगा सावरत स्टेअरिंगमागं बसले. ऐंशीला टेकलेला माणूस, पण त्या सीटवर बसला की पाठ ताठ व्हायची. इंजिन दोनदा खाकरलं आणि चालू झालं.

"पाय काढा. रेस देऊ नका. नुसती उभी राहू द्या."

"उभी ऱ्हायली तर लाईट कुठून द्यायची?"

"तेच तर बघायचंय. कल्याण, मीटर वाच."

उद्याचा नवरदेव मोबाईल खिशात टाकून पुढं आला. "चौदा व्होल्ट."

"आता हेडलाईट लाव. आतले दिवे पण. वायपर."

"चौदाच हाय!"

"हॉर्न दाब."

हॉर्न असा वाजला की मांडवाच्या पडद्यावर बसलेल्या चिमण्या उडाल्या. कल्याण ओरडला, "ताई, काटा हलला न्हाई! जागचा हलला न्हाई!" आणि त्यानं बहिणीला उचललं, ग्रीसच्या हातांसकट.

मिरजगावच्या लग्नांत ही गाडी दोन पिढ्या नवरदेवांना घेऊन फिरली होती. मुहूर्त गोरज असतो, परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघेपर्यंत उन्हं उतरतात, नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जाऊन मांडवात पोहोचेपर्यंत अंधार पडतो. सगळा वेळ गाडी बँजोच्या मागं मुंगीच्या चालीनं सरकते. डायनामोचा दोष तिथंच होता. इंजिन पळालं तर तो वीज द्यायचा, सरकायला लागलं की सगळा भार बॅटरीवर. देवळापर्यंत दिवे पिवळे पडायचे, परतताना गाडी बंद पडायची आणि वऱ्हाडी ढकलायचे. गेल्या काही वर्षांत तर भाड्यानं कुणी मागतच नव्हतं. 'भिमाजीची ढकलगाडी' हे नाव मात्र कर्जतपर्यंत गेलं होतं. धनश्रीनं चाकणच्या वायरिंगच्या कारखान्यातली रजा साठवली आणि डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. अल्टरनेटर इंजिन नुसतं घुरघुरत असलं तरी पुरेशी वीज देतो. मग कापडी वायर काढून सगळी नवी ओढली. हेडलाईटला वेगळे रिले, नवी फ्यूजपेटी. आज ते सगळं एकदम पेटलं होतं.

टाळी वाजली. शेडच्या दारात वाल्मिक उभा होता, धनश्रीचा आणि कल्याणचा बाप. टाळी त्यानं वाजवली नव्हती. ती त्याच्यासोबत आलेल्या श्रीमंत नावाच्या माणसानं वाजवली होती.

"वा! लाईटी लागत्यात म्हणजे आमचं काम निम्मं झालं," श्रीमंत म्हणाला. नगरकडच्या रस्त्यावर होऊ घातलेल्या एका हॉटेलसाठी तो जुन्या वस्तू जमवत होता. खिशातून टेप काढून त्यानं मागच्या दाराची रुंदी मोजली. "हितं समोरासमोर दोन बाकडी. मधी टेबल. चार माणसं बसून मिसळ खात्याल. इंजिन तुमाला ठिवा, आमाला नको."

आबा गाडीतून उतरले, पोत्यापाशी गेले आणि डायनामो उगीच सरळ केला.

दिवाळीत भांडणं झाली, तेव्हा ठरलं ते असं: कल्याणचा परण्या झाला की सोमवारी गाडी श्रीमंतला द्यायची आणि शेडमध्ये वाल्मिक घेणार होता ती दुसरी व्हॅन उभी करायची. वाल्मिक शाळेच्या पोरांची ने-आण करायचा. नवी व्हॅन उन्हात उभी करणं त्याला पटत नव्हतं आणि गावानं हसणं तर त्याहून नव्हतं. आबांनी तेव्हा नुसती मान डोलावली होती.

"नाना," धनश्री बापाला म्हणाली, "उद्या परण्याभर न ढकलता चालली तर?"

वाल्मिकनं गाडीकडं पाहिलं. "बघू."

वाल्मिकच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. पण धनश्री स्पष्ट 'नाही' ऐकायला तयार होती. ते त्यानं म्हटलं नव्हतं, एवढंच तिनं धरून ठेवलं.

श्रीमंत गेल्यावर तिनं बॅटरी सोडवली. बॅटरी रात्री घरात न्यायची, ही आबांची जुनी शिस्त. शेडला दार नव्हतं त्या काळापासूनची. परण्याच्या दिवशी तीच बॅटरी हळदकुंकू लावून आबाच जोडणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"आबा, एक लक्षात ठेवा. हिचं आता उलटं नाही राहिलं. मायनस बॉडीला. सगळ्या गाड्यांसारखं."

"व्हय."

"अल्टरनेटरला उलटं चालत नाही. एका सेकंदात जळतो."

"व्हय, पोरी. आयकलं."

आबांनी ऐकलं होतं. पण ही गाडी आली तेव्हापासून तिचा प्लस बॉडीला होता. त्या काळच्या काही गाड्या तशाच यायच्या. कर्जतपासून नगरपर्यंतच्या प्रत्येक मिस्त्रीनं कधी ना कधी तिची बॅटरी चुकीची जोडली होती आणि प्रत्येकाला आबांनी मागं सारून स्वतः जोडून दाखवली होती. लिहिता न येणारा माणूस सही जशी करतो, तसे त्यांचे हात ते काम करायचे.

*

रविवारी दुपारी हळद उतरली आणि बायका आंघोळीला पांगल्या. आबांनी बॅटरी सायकलच्या कॅरिअरवर ठेवली, सुतळीनं बांधली आणि सायकल ढकलत शेडात आणली. नवं धोतर, नवा सदरा. कुणाला हाक मारली नाही. हे काम एकट्यानं करण्यातच गंमत होती.

बॅटरी पत्र्याच्या खाचेत नेहमीसारखी बसवली. नेहमीसारखी म्हणजे प्लसचं टोक बॉडीच्या तारेकडं. तार उचलली. क्लॅम्प टोकावर बसेना.

आबांनी चष्मा वर करून पाहिलं. बॅटरीचं प्लसचं टोक जरा जाड असतं, मायनसचं बारीक, आणि क्लॅम्प त्या-त्या मापाचे येतात. बॉडीच्या तारेला बारीक टोकाचा क्लॅम्प होता. दुसरा घालून पाहिला तर तो ढिला, गरगर फिरत होता.

'पोरीनं क्लॅम्प उलटसुलट आनलं,' त्यांना वाटलं. पहिला विचार रागाचा नव्हता, काळजीचा होता. वाल्मिक येऊन बघेल. त्याच्यासोबत तो टेपवाला असेल. एवढं सगळं काम केलं पोरीनं आणि एका क्लॅम्पावरनं हसतील.

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बारीक क्लॅम्पचं तोंड फाकवलं आणि ठोकून जाड टोकावर बसवला. ढिल्या क्लॅम्पसाठी तेलाच्या डब्याची पत्र्याची पट्टी कापली, टोकाभोवती गुंडाळली. आता घट्ट बसेल. कुणाला कळणार नाही. धनश्रीलासुद्धा नंतर सवडीनं सांगायचं, चारचौघांत नाही.

क्लॅम्प टेकवला आणि ठिणगी उडाली. जुन्या गाडीतही बारीक ठिणगी उडायची, म्हणून त्यांनी तो आणखी दाबला.

या वेळी आवाज झाला. कांदा कढत तेलात पडावा तसा. अल्टरनेटरच्या जाळीतून पांढरा धूर निघाला, फ्यूजपेटीत काहीतरी फुटलं. आबांनी क्लॅम्प उपसला आणि लांब फेकला. धूर निवांत वर गेला, पत्र्याला लागला आणि तिथंच पसरला.

मायनस बॉडीला. सगळ्या गाड्यांसारखं. कालचे शब्द आता त्यांना अगदी स्पष्ट ऐकू आले.

*

धनश्रीच्या आजी मनकर्णाबाई बॅटरीसाठी हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या तेव्हा नवरा डायनामोशेजारी पोत्यावर बसला होता.

"अवं, नव्या धोतरानं? आन् वास कसला? काय जळालं?"

"मीच जाळलं."

बाईंनी ताट गाडीच्या टपावर ठेवलं. पुढचं विचारायला त्या थांबल्या नाहीत. साठ वर्षांच्या संसारात त्यांना एक कळलं होतं: हा माणूस दोष अंगावर घ्यायला लागला की मोडलेली वस्तू आधी बघायची, माणूस नंतर.

धनश्री माजघरात साडी नेसत होती. निऱ्या आईच्या, ज्योतीच्या, हातात होत्या. बाई दारातून म्हणाल्या, "धने, शेडात चल."

"बाई, साडी..."

"तशीच चल."

"आत्याबाई, करवली हाय ती आज!" ज्योती निऱ्या धरून मागोमाग धावली. "त्या ग्रीसात पुन्यांदा न्हाई जायाचं हिनं! मी सकाळपास्नं नखं घासतीया तिची!"

धनश्री शेडात आली, वास घेतला आणि थांबली. तिनं बॅटरीकडं पाहिलं, फाकलेल्या क्लॅम्पकडं, पत्र्याच्या पट्टीकडं. सगळं तिथंच लिहिल्यासारखं होतं. तिनं बांगड्या वर सारल्या. बॅटरी फिरवून बसवली, क्लॅम्प हातानं दाबून धरले, फ्यूज बदलला.

"आई, चावी फिरव."

"मी?"

"फिरव गं."

ज्योतीनं आयुष्यात पहिल्यांदा ती चावी फिरवली. इंजिन चालू झालं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मात्र विझेना. मीटर बारावर अडकला होता आणि हेडलाईट लावताच त्याच्याही खाली गेला.

"वायरिंग वाचलंय. अल्टरनेटर गेला," धनश्री म्हणाली. आवाज कोरडा होता. "बॅटरीवर निघेल, पण देवळापर्यंतसुद्धा पुरणार नाही. निम्मी बॅटरी आत्ताच संपली."

"जुना डायनामो लाव की," ज्योती म्हणाली.

"त्याच्यासाठी सगळं परत उलटं करावं लागेल. उद्या दुपार होईल. दुसरा अल्टरनेटर पाहिजे. तो नगरला, आणि आज रविवार."

"मिळाला तर किती येळ लागंल तुला?" बाईंनी विचारलं.

"मिळाला तर ना, बाई?"

"मी काय इचारलं?"

"तासभर."

"मग तू तासाचं बघ. परण्याचं मी बघते." बाईंनी पदर खोचला. दारातून वळून नवऱ्याला म्हणाल्या, "आन् तुमी उठा. धोतराला डाग पडंल."

*

मांडवात पाहुण्यांना पाणी देण्याच्या गडबडीत वाल्मिक होता, आणि लाऊडस्पीकरवर त्याला आईचा आवाज ऐकू आला. बाईंनी माईक कधी हातात धरला नव्हता. लग्नात माईक आला की त्या स्वयंपाकघरात जायच्या.

"परण्या निघायच्या आदी मानाचं फेटं बांधायचं हायेत. सोनईच्या पावन्यांचं आदी. येक बी मानूस ऱ्हाता कामा न्हाई. मग आमच्या मिरजगावच्या भावकीचं. भावकी लई हाय, घाई करायची न्हाई. न्हाव्याकडनं न्हाई, ज्यांना फेटा बांधता येतो त्यांनीच पुढं यावं. आन् फेटा नीट न्हाई बसला तर पुन्यांदा सोडून बांधायचा."

सोनईचे पाहुणे, नवरी मोनिकाकडचे, खूश झाले. एवढ्या मानाची त्यांनी अपेक्षाच धरली नव्हती. फेट्यांच्या गठ्ठ्यापुढं रांग लागली. एक म्हातारे दुसऱ्यांना आग्रह करू लागले, दुसरे तिसऱ्यांना. वाल्मिकनं हातातला जग खाली ठेवला. आई वेळ काढत होती.

तो घराकडं निघाला. श्रीमंत लग्नाला आलेलाच होता, तो हात पुसत मागं लागला. "काय झालं, वाल्मिकशेठ? गाडीला काय झालं का?"

शेडमधलं दृश्य वाल्मिकला एका नजरेत समजलं. बोनेट उघडं. जळका वास. भरजरी साडीतली मुलगी रेडिएटरवर ओणवी. बाप भिंतीला टेकून उभा.

"वाल्मिक," आबा आधी बोलले, "मी जाळलं. गाडी उद्या कशाला, आजच दे ह्यांना. फक्त पोरीच्या कामाला नाव ठिवू नको. तिचं काम एक नंबर हुतं."

"आबा, तुम्ही गप्प बसा," धनश्री वळली. "नाना, चूक माझी आहे. मी तारा लांब ठेवल्या. जेवढ्यास तेवढ्या ठेवल्या असत्या तर उलट्या पोचल्याच नसत्या."

"पोचल्या असत्या! मी वढून पोचवल्या असत्या! क्लॅम्प बसना तर मी फाकवला."

"मग मला हाक मारायची ना!"

"कशी मारू? मला वाटलं तुझंच चुकलंय. लोकांम्होरं दाखवू तुझी चूक?"

धनश्री पुन्हा रेडिएटरकडं वळली, पण हातांनी काही करत नव्हती.

वाल्मिकनं आता काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. दिवाळीपासून तो ज्यासाठी भांडला ते आपोआप झालं होतं. परण्या अर्ध्यात अडेल, लोक ढकलतील, हसतील, सोमवारी गाडी जाईल आणि घरात कुणी त्याला बोल लावणार नाही. त्यानं बापाकडं पाहिलं. आबा मुलाच्या उत्तराची वाट बघत होते. असे आबा त्यानं कधी पाहिले नव्हते. या घरात उत्तराची वाट बघायचं काम नेहमी वाल्मिकचं असायचं.

"काय लागतंय हिला?" त्यानं विचारलं.

"अल्टरनेटर."

"कंचा?"

धनश्री जळक्या अल्टरनेटरवरची काजळी बोटानं पुसू लागली. ज्योतीनं तिच्याकडं पाहिलं. आईला कळलं होतं की मुलीनं हे मघापासून तोंडात धरून ठेवलंय.

"व्हॅनचा," धनश्री म्हणाली. "आपल्या व्हॅनला आहे तोच मी घेतला होता. पण उद्या सोमवार आहे, नाना. शाळा आहे."

श्रीमंत हसला. चांगल्या मनानंच हसला. "अवो कशाला भानगड? एका परन्यासाठी धंद्याची गाडी उघडायची? न्या की अशीच ढकलत. गावाला सवय हाय ढकलायची."

वाल्मिकनं डोक्यावरचा फेटा उतरवला आणि श्रीमंतच्या हातात दिला. "हे धरा जरा." मग शेडच्या बाहेर जाऊन त्यानं अशी हाक मारली की मांडवातल्या रांगेनं माना वळवल्या. "कल्याण! व्हॅन आन हिकडं! जार उतरव पाण्याचं आन् घिऊन ये!"

"मी? मी नवरदेव हाय, नाना!"

"मग नवरदेवाला गाडी चालवता येत न्हाई व्हय?"

मुंडावळ्या कानामागं सारून नवरदेवानं व्हॅन आणली. पुढं जे झालं त्यात कोण कुणाच्या बाजूचं हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. ज्योतीनं वाल्मिकचा जुना शर्ट मुलीला साडीवरून चढवला, बाह्या दुमडल्या आणि स्वतः मोबाईलचा उजेड धरून वाकली. वाल्मिक फेट्याविना, नव्या सफारीत, व्हॅनखाली उताणा सरकला.

"दहाचा पाना."

"तेरा लागेल, नाना."

"माझी व्हॅन हाय, मला ठावं हाय. ...तेरा दे."

अल्टरनेटर निघाला, तो मोठी परात धरतात तसा त्यानं दोन्ही हातांनी आणला. आता आणखी एक नड होती. व्हॅनच्या पुलीवर अँबेसेडरचा जाड पट्टा बसणार नव्हता. जळालेल्या अल्टरनेटरवरची पुली काढून याच्यावर चढवायची होती आणि नट धरायला गेलं की पुलीच फिरत होती.

"पकड लाव," वाल्मिक म्हणाला.

"पकडीनं दात पडतील. पट्टा फाटेल मग."

"फिरतीया की! कशी धरू?"

"जुना पट्टा दे हिकडं," भिंतीजवळून आवाज आला. आबा पुढं आले. कालच्या गठ्ठ्यातून त्यांनी जुना पट्टा ओढला, पुलीभोवती आवळला, टोकं एकत्र पिळली आणि वाल्मिकच्या मुठीत दिली. "आता दाब. हांग असं. हातानं न्हाई, खांद्यानं."

वाल्मिकनं खांदा लावला, धनश्रीनं पाना. नट कुरकुरला आणि सुटला. ज्योतीच्या तोंडून शिट्टी निघाली. लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यासमोर. तिनं तोंडावर हात धरला, पण आबांनाच हसू फुटलं होतं.

लाऊडस्पीकरवर बाई सांगत होत्या की सोनईच्या थोरल्या मामांचा फेटा तिरका झालाय, तो सोडून पुन्हा बांधावा.

पुली चढली, पट्टा ताणला, कनेक्टर बसला. धनश्रीनं क्लॅम्पची फाकलेली तोंडं पकडीनं जवळ आणली आणि तारा आबांपुढं धरल्या.

"मी न्हाई," आबा म्हणाले.

"तुमचं काम आहे."

"न्हाई, पोरी. हात ऐकत न्हाई माझं."

वाल्मिक त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. बापाच्या एवढ्या जवळ तो बऱ्याच दिवसांनी उभा होता. "आबा, मी बघतो हितं उभा ऱ्हाऊन. ही तार कुठं?"

आबा तारेकडं बघत राहिले. "ही बॉडीची."

"बॉडीला काय?"

"...मायनस."

"मायनस कंचा?"

"बारीक टोकाचा. हा." त्यांनी बोट टेकवलं. मग क्लॅम्प बसवला. त्या टोकावर तो अलगद बसला. दुसराही बसला. ठिणगी पडली नाही.

मुंडावळ्यांतल्या नवरदेवानं चावी फिरवली. लाल दिवा लागला आणि विझला. मीटर वर सरकू लागला.

"तेरा," कल्याण वाचत होता. "साडेतेरा. ताई... चौदा! चौदा! चौदा!"

शेडच्या बाहेर थांबलेल्या बँजोवाल्यांना वाटलं इशारा झाला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

*

परण्या उशिरा निघाला. कुणाचीच तक्रार नव्हती, कारण गावात एकही डोकं फेट्याविना नव्हतं. आबा स्टेअरिंगवर, मागं नवरदेव, त्याच्याशेजारी करवली. करवलीच्या मांडीवर दिव्याचं ताट होतं आणि डोळे पुढच्या सीटवरून मीटरवर.

मिरजगावचा रस्ता थंडीच्या संध्याकाळी लवकर निळा होतो. बँजो एका जागी नाचायला थांबला की गाडीही थांबत होती, इंजिन घुरघुरत. धनश्री पुढं वाकून काटा वाचायची. पोरं बोनेटवर हात मारत होती, म्हातारे वाकून दिव्यांकडं बघत होते. सरकत-थांबत गाडी मारुतीपाशी पोहोचली, कल्याणनं दर्शन घेतलं, आणि ती माघारी वळली तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. पुढचे दोन पांढरे झोत नाचणाऱ्यांच्या पायांमधून थेट मांडवाच्या कमानीपर्यंत जात होते. धूळ त्यांत उजळत होती.

"आबा, हॉर्न!" कल्याण ओरडला.

आबांनी हॉर्न दाबला. मग आणखी एकदा, कारण नसताना. ढकलायला म्हणून सवयीनं मागं चाललेले चारसहा जण एकमेकांकडं बघू लागले. त्यांना हातांचं काय करावं कळेना. शेवटी ते पुढं येऊन नाचायला लागले.

मांडवाच्या दारात बाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आधी नातवावरून आणि मग, कुणाचं लक्ष नाही असं बघून, बोनेटवरून.

वाल्मिक गर्दीच्या कडेला उभा होता. सफारीच्या पाठीवर व्हॅनखालच्या तेलाचा हाताएवढा डाग पडला होता. श्रीमंतनं त्याला गाठलं आणि मघापासून सांभाळलेला फेटा परत दिला.

"चालली की हो! मानलं पोरीला. आता हाटेलात आनखी शोभंल," तो म्हणाला. "मग उद्या सकाळी गाडी न्यायला टेम्पो आनू ना?"

वाल्मिकनं फेटा डोक्यावर ठेवला, दोन्ही हातांनी दाबून नीट केला.

"उद्या कसा आनताय? तिच्यात माझ्या व्हॅनचा अल्टरनेटर हाय."

"तेवढा काढून घ्या की."

"काढायला पोरगी लागती. आज तिच्या भावाचं लगीन हाय."

"बरं, मग परवा. न्हाईतर पुढच्या रविवारी?"

मांडवात ब्राह्मणानं अंतरपाट धरायला सांगितलं. माईकवर पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि सगळी गर्दी एकदम पुढं सरकली. वाल्मिकनं शेजारच्या ताटातून मूठभर अक्षता उचलल्या, निम्म्या स्वतःकडं ठेवल्या आणि निम्म्या श्रीमंतच्या तळहातावर ओतल्या.

"टाका तांदूळ," तो म्हणाला.